कुत्र्याच्या नाकालाही काम द्या

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत उन्हाळ्यात पाळीव प्राण्यांची काळजी कशी घ्यावी यावर लेख आला होता तो वाचला. (आमच्या ग्वाल्हेरच्या लष्कर भागात तुमचा पेपर कागदावर येत नाही, पण ई-पेपर रोज सकाळी चहाबरोबर उघडतेच.) लेख चांगला होता, पाणी भरपूर ठेवा, दुपारी बाहेर नेऊ नका, डांबरी रस्त्यावर पंजे भाजतात वगैरे सगळं बरोबरच आहे. पण एक गोष्ट राहून गेली, आणि ती दरवेळीच राहते, म्हणून लिहायला बसले. दुपारी बाहेर नेऊ नका हे ठीक आहे हो, पण मग ते जनावर दिवसभर घरात करणार काय?

ग्वाल्हेरात राहणाऱ्याला हा प्रश्न चांगलाच माहितीये. मे-जूनमध्ये इथं पारा 45 च्या वर जातो, सकाळी आठलाच अंगणातली फरशी तापायला लागते आणि रात्री जेवणं झाली तरी रस्ता गरमच असतो. ते संपतंय तोवर पाऊस, चिखल आणि गोचीड. डिसेंबर-जानेवारीत धुकं असं पडतं की नुक्कडवरचा खांब दिसत नाही, त्यात गाड्या भरधाव, कोण कुत्र्याला घेऊन जाणार. म्हणजे वर्षातले कितीतरी दिवस फिरणं म्हणजे खाली नेलं, शू-शी झाली, वर आणलं एवढंच.

मग पुढे काय होतं ते कुत्रा पाळणाऱ्या प्रत्येकाला माहितीये. सोफ्याचे कोपरे कुरतडलेले, एक चप्पल गायब, गेटवरून जाणाऱ्या प्रत्येकावर भुंकणं, दूधवाल्यावर, गायीवर, आणि कोणीच नसलं तर उगीचच. घरातले म्हणतात "याला मस्ती आलीये", नाहीतर "याला अजून पळवा". अहो, रोज पळवून कुत्रा शांत होत नाही, त्याचा स्टॅमिना वाढतो! दोन महिन्यांनी तो पहिल्यापेक्षा दुप्पट पळायला तयार असतो आणि आपले गुडघे मात्र आहेत तेच.

माझं म्हणणं असं की कुत्र्याला पायांना जसं काम लागतं तसं नाकालाही लागतं, आणि नाकाचं काम घरात कूलरसमोर बसल्या बसल्या, काही खर्च न करता देता येतं. आमची कुत्री गजक (गावठीच आहे, गजक म्हणजे आमच्याकडची तीळ-गुळाची मिठाई, तिच्या रंगावरून नाव पडलं, खायला गजक मिळत नाही तिला) हिच्याबरोबर आम्ही हे खेळ रोज खेळतो आणि ते इथं सविस्तर लिहितेय, तुम्हाला जागा नसेल तर काटछाट करा, पण खायच्या धोक्यांचा भाग कापू नका एवढी विनंती.

आधी नाकाबद्दल थोडं. माणसाच्या नाकात वास पकडणाऱ्या पेशी साधारण 50-60 लाख असतात, कुत्र्याच्या नाकात 20 ते 30 कोटी. मेंदूतला वासाचा भागही त्यांचा मेंदूच्या मानानं आपल्यापेक्षा कितीतरी मोठा. कुत्रा झोपलेला असताना त्याचं नाक जवळून बघा, नाकपुडीच्या बाजूला एक चीर दिसेल, हुंगताना हवा पुढून आत जाते आणि सोडलेली हवा त्या बाजूच्या चिरेतून बाहेर पडते, म्हणजे बाहेर जाणारा श्वास आत येणाऱ्या वासाला धक्का मारत नाही. आणि हे सगळं सेकंदाला चार-पाच वेळा चालू शकतं. आता एवढं नाक असलेल्या जनावराला आपण काय देतो, तर फिनाइलनं पुसलेली फरशी आणि रोज एकाच जागी ठेवलेलं स्टीलचं ताट, ज्यातलं तो दोन मिनिटांत संपवतो आणि मग उरलेला दिवस रिकामा.

यावर अभ्यासही झालेला आहे. शार्लोट ड्युरँटन आणि अलेक्झांड्रा होरोविट्झ या दोघी संशोधक, त्यांचा पेपर 2019 सालचा. घरात पाळलेली 20 कुत्री घेतली, अर्ध्यांना दोन आठवडे रोज वास शोधायचे खेळ, आणि अर्ध्यांना मालकाच्या पायाजवळ शिस्तीत चालायचा सराव, बक्षिसाचा खाऊ दोन्हीकडे होताच. त्याच्या आधी आणि नंतर एक परीक्षा घेतली. एका जागी ठेवलेल्या वाडग्यात नेहमी खाऊ असतो, दुसऱ्या जागच्या वाडग्यात कधीच नसतो हे कुत्र्याला शिकवायचं आणि मग वाडगा मधेच ठेवायचा, ना इकडे ना तिकडे, आणि कुत्रा तिकडे किती झपाट्यानं जातो ते बघायचं. असेल काहीतरी असं वाटलं तर पटकन जाणार, नसेलच असं वाटलं तर रेंगाळणार. तर वास शोधणारी कुत्री दोन आठवड्यांनी त्या मधल्या वाडग्याकडे आधीपेक्षा लवकर जायला लागली, शिस्तीत चालणाऱ्यांत तसा फरक पडला नाही. 20 कुत्री म्हणजे काही फार नाहीत हे मलाही कळतं, पण ज्यांच्या घरी सतत दबकून असणारं, रस्त्यावरून उचलून आणलेलं कुत्रं आहे त्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखं आहे.

आता खेळ. सुरुवात अगदी सोपी, आणि इथंच लोक घाई करतात. पोळीचे, पनीरचे किंवा उकडलेल्या चिकनचे करंगळीच्या नखाएवढे तुकडे करायचे. पहिल्यांदा कुत्र्याच्या डोळ्यांदेखत चार तुकडे जमिनीवर इकडेतिकडे टाकायचे आणि "शोध" म्हणायचं. हो, त्याला दिसतंय, दिसू दे. मग एखादा खुर्चीच्या पायामागे, एखादा पायपुसण्याच्या कडेला. ते जमलं की त्याला दाराबाहेर थांबवून लपवायचं. लोक काय करतात, पहिल्याच दिवशी तुकडा गादीखाली खुपसतात, आणि कुत्रा जरा हुंगून आपल्या तोंडाकडे बघत बसला की म्हणतात आमच्याला नाही जमत बुवा. वास त्याला येतोच हो, पण हे शोधायचं असतं आणि सापडलं की आपलंच असतं हे आधी कळायला नको? ज्यांना जन्मभर आयतं वाढलंय त्यांना तर ते कळायला जरा जास्तच वेळ लागतो.

आणि बोटानं दाखवायचं नाही!! हे सगळ्यात अवघड, कुत्र्याला नाही, आपल्याला. कुत्री माणसाचं बोट आणि नजर फार पटकन वाचतात, एकदा तुम्ही "तिकडे बघ, अरे तिकडे" सुरू केलं की तो नाक वापरायचं सोडून तुमचा हात बघणार. अगदीच अडकला तर आपण त्या बाजूला सहज चालत जायचं, बस. आमच्याकडे सासूबाई फार दाखवतात, त्यांना म्हटलं तुम्ही हातात जपमाळ घेऊन बसा.

यातली खरी मजा मला हवेमुळे वाटते. आमच्या मधल्या खोलीत खिडकीत मोठा कूलर आहे, तो चालू असताना त्याच्याजवळ स्टुलाखाली तुकडा ठेवला तर गजक आधी तिथं जातच नाही, ती जाते सरळ समोरच्या भिंतीपाशी, कारण कूलरची हवा तिथं जाऊन आपटते आणि वास त्या कोपऱ्यात साचतो. तिथं फुसफुस करून घेते, मग मान झटकन वळवते, आणि मग थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे, वास सुटला की मागे, पकडला की पुढे असं करत करत कूलरपर्यंत येते. जवळ आली की हुंगण्याचा आवाजच बदलतो, आधी लांब लांब श्वास असतात ते एकदम छोटे आणि भराभर होतात, शेपटी ताठ. कूलर बंद करून तोच तुकडा त्याच जागी ठेवा, तिचा रस्ता संपूर्ण वेगळा असतो. म्हणून नवीन कुत्र्याला पंखा-कूलर बंद करून शिकवा, सरावाला लागला की चालू करा, मग खिडकी उघडा, मग तुकडा खुर्चीवर नाहीतर कपाटाच्या खालच्या फळीवर ठेवा (उंचावरच्या वस्तूचा वास खाली भलतीकडेच पडतो, कुत्रा खालीच हुंगत बसतो आणि मग केव्हातरी मान वर करतो, ते बघण्यासारखं असतं). वस्तू तीच, खोली तीच, फक्त हवा बदलली की खेळ नवा.

एक मात्र, धापा टाकणाऱ्या कुत्र्याला खेळायला लावू नका. जीभ बाहेर काढून धापा टाकताना त्याला नीट हुंगताच येत नाही. बाहेरून आला असेल तर आधी गार होऊ दे, पाणी पिऊ दे, मग.

बाकीचे प्रकार थोडक्यात सांगते. जुना टॉवेल पसरून त्यात तुकडे टाकून गुंडाळायचा, कुत्रा नाकानं उलगडतो. ऑनलाइन खरेदीचे खोके येतातच घरोघरी, टेप आणि पिना काढून चार-पाच खोके मांडायचे, एकातच खाऊ, बाकीचे रिकामे, पुढे खोक्यात खोका. घाबरट कुत्र्याला आधी उघडे आणि उथळ खोके द्या, डोकं आत घालायलाच त्यांना हिंमत लागते. दुकानात स्नफल मॅट म्हणून मिळते ती घरी करता येते, सिंकमध्ये घालतो ती भोकांची रबरी मॅट घ्या आणि जुन्या बनियनच्या पट्ट्या प्रत्येक भोकातून ओवून गाठी मारा, त्या पट्ट्यांत खाऊ लपवायचा, एका दुपारचं काम आहे, मुलांना बसवा. फक्त ज्याला मोजे-फडकी गिळायची सवय आहे त्याला टॉवेल आणि पट्ट्या देऊच नका, कपडा आतड्यात अडकला तर थेट ऑपरेशन. हजार-दीड हजाराचे पझल खेळणेही मिळतात, घ्यायचे तर घ्या, पण हुशार कुत्रा ते एकदा उघडायला शिकला की त्यात शोधायला काही उरत नाही, जागा कायम तीच ना.

आता लवंगेचा खेळ, हा माझा आवडता. यात कुत्रा खाऊ शोधत नाही, वास शोधतो आणि खाऊ आपण देतो. अमेरिकेत 2006 साली कॅलिफोर्नियात पोलीस-शोधाची कुत्री शिकवणाऱ्या काही ट्रेनरांनी घरगुती कुत्र्यांसाठी असा खेळ सुरू केला, नोज वर्क म्हणतात, त्यात बर्च नावाचं झाड, बडीशेपेसारखा अ‍ॅनिस आणि लवंग असे वास असतात आणि आता त्याच्या रीतसर स्पर्धा होतात. आपल्याला बर्च कुठून मिळणार, पण लवंग तर मिसळणाच्या डब्यात आहेच. दोन लवंगा कापसात गुंडाळून झाकणाला बारीक भोकं पाडलेल्या छोट्या डबीत ठेवा, एक रात्र राहू द्या म्हणजे कापसाला वास लागतो. डबी एका मुठीत, दुसरी मूठ रिकामी, दोन्ही पुढे करा. कुत्रा डबीच्या मुठीवर नाक लावेल त्याच क्षणी "शाब्बास" आणि खाऊ, पण खाऊ द्यायचा तो डबीपाशीच, दुसरीकडे नाही. त्याच्या डोक्यात पक्कं बसलं पाहिजे की हा वास जिथं तिथं खाऊ येतो. मग डबी जमिनीवर, मग तीन वाट्यांखाली एकीत, मग खोलीत, मग दुसऱ्या खोलीत. वाट्या मात्र अदलाबदल करताना भान ठेवा, ज्या वाटीखाली लवंग होती तिला वास लागलाय, ती पुढच्या वेळी "रिकामी" म्हणून ठेवलीत तर कुत्रा तिथं थांबणार आणि तुम्ही म्हणणार चुकला. तो चुकलेला नसतो. लवंगेची वाटी वेगळी ठेवायची, खूण करून. आणि डबी अशी हवी की उघडणार नाही, लवंग खायला द्यायची नाही, आणि लवंगेचं तेल तर अजिबात नको, तेल फार तीव्र असतं.

हे सगळं परदेशी फॅड वाटत असेल तर सांगते, आपल्या ग्वाल्हेरपासून झाशी रोडनं निघालं की डबऱ्याच्या अलीकडे टेकनपूर लागतं, तिथं बीएसएफच्या (सीमा सुरक्षा दलाच्या) अकादमीत कुत्र्यांचं राष्ट्रीय ट्रेनिंग सेंटर आहे, 1970 पासून. नुसत्या बीएसएफचीच नाही, राज्याराज्यांच्या पोलिसांची कुत्रीही तिथं तयार होतात, स्फोटकं शोधणारी, अमली पदार्थ शोधणारी, माग काढणारी. आणि अलीकडे तिथं आपल्या देशी जातींवर भर दिलाय, रामपूर हाउंड आणि मुधोळ हाउंड. मुधोळ म्हणजे घोरपड्यांचं संस्थान, ही जात त्यांनीच जोपासली, तेव्हा आपल्या मराठी माणसाला तर कौतुक असायलाच हवं. 2024 साली लखनऊच्या ऑल इंडिया पोलीस ड्यूटी मीट या पोलिसांच्या स्पर्धेत टेकनपूरच्याच रिया नावाच्या मुधोळ कुत्रीनं विलायती जातींना मागे टाकून पहिला नंबर काढला. मुधोळ तशी नजरेनं शिकार करणारी जात, सशामागे पळणारी, तिच्या नाकाचं कोणी नाव घेत नव्हतं! मग आपल्या गल्लीतल्या गावठ्याला का नाही जमणार? शोधाच्या कुत्र्यांना शिकवतातही असंच, वास सापडला की बॉल नाहीतर खाऊ, कुत्र्याच्या लेखी तो खेळच असतो, बॉम्ब वगैरे आपल्याला माहीत.

तरी आमच्याच ओळखीतल्या एकांनी पैसे देऊन ट्रेनर लावला आणि त्यानं पहिल्या दिवशी काय सांगितलं, तर चालताना कुत्र्याला नाक खाली घालू देऊ नका, नाहीतर तो तुमच्यावर वरचढ होईल. वरचढ! लॅम्पपोस्ट हुंगून? तो बिचारा लॅब्रेडॉर आता मान वर ओढून फुलबागेत चकरा मारतो आणि घरी येऊन गाद्या फाडतो. कुत्र्याला फिरायला नेऊन हुंगू न देणं म्हणजे एखाद्याला तानसेन समारोहाला नेऊन कानात बोळे घालण्यासारखं आहे. गाडी-रस्ता असेल तिथं जवळ घ्याच, पण बैजाताल किंवा कटोराताल अशा मोकळ्या ठिकाणी दोरी सैल सोडा, एकाच झुडपापाशी तो पाच मिनिटं उभा राहिला तर राहू दे, कोण आलं, कधी आलं, नर होता की मादी, हे सगळं तो तिथं हुंगून घेत असतो. अर्ध्या तासात दोनच गल्ल्या झाल्या तरी चालेल. पहाटेच्या गारव्यात तेवढं आणि दुपारी घरातला खेळ, असं जोडून घेतलं की उन्हाळा निघतो. घरातल्या खेळानं बाहेर नेणं सुटत नाही हे मात्र खरं, शू-शीला आणि पाय मोकळे करायला न्यायलाच पाहिजे.

खेळ किती वेळ? दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ झाली, पिल्लू किंवा म्हातारं असेल तर त्याहून कमी. कुत्रा अजून मागतोय तोवरच थांबायचं. गजक खेळ झाला की पाणी पिते आणि देवघराच्या उंबऱ्यापाशी गार फरशीवर पसरते ती संध्याकाळच्या दिव्यापर्यंत उठत नाही. ज्यांची कुत्री बहिरी झालीत, दिसत नाही, किंवा पायाच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी पळायला बंदी केलीये त्यांना तर हे वरदानच आहे, अर्थात टाके असतील तर डॉक्टरांना विचारून. दिवाळीत आणि वरातींच्या सीझनमध्येही कामाला येतं, फक्त डीजे सुरू व्हायच्या आधी आतल्या खोलीत खेळ सुरू करा, एकदा का कुत्रा थरथरायला लागला की तो पनीरकडे बघतसुद्धा नाही.

खाऊ जास्तीचा द्यायचा नाही, रोजच्या जेवणातलाच काढायचा, नाहीतर तीन महिन्यांत कुत्र्याचा ढोल होईल. आणि लपवायच्या आधी तुकडे मोजा, खेळ संपल्यावर हिशोब जुळवा, कारण एक जरी कपाटामागे राहिला तरी दुसऱ्या दिवशी मुंग्यांची रांग लागते आणि मग घरात काय ऐकून घ्यावं लागतं ते सांगायला नको. देवघर आणि स्वयंपाकाचा ओटा आम्ही पहिल्यापासून खेळाबाहेर ठेवलाय, तेवढ्यावर घरात शांतता आहे.

आता तो धोक्यांचा भाग. लपवायला म्हणून हाताला लागेल ते घेऊ नका. द्राक्षं आणि बेदाणे-मनुका अजिबात नाही, कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते, म्हणजे शिऱ्यातला, लाडवातला बेदाणासुद्धा नाही. चॉकलेट नाही. कांदा-लसूण नाही, त्यानं रक्तातल्या लाल पेशी फुटतात, म्हणून भाजीतला, रश्शातला चिकनचा तुकडा धुऊनसुद्धा देऊ नका, वेगळा बिनमिठाचा उकडून ठेवा. शिजवलेलं हाड नाही, त्याच्या अणकुच्या होतात. पीनट बटर घेणार असाल तर डब्यावर झायलिटॉल लिहिलंय का बघा, ही बिनसाखरेची गोडी कुत्र्याला विष आहे, शुगरफ्री च्युइंगममध्येही असते. जायफळ नको. आणि वासाचा खेळ म्हणून कोणी कापूर किंवा कपाटातल्या डांबराच्या गोळ्या वापरायला जातील, प्लीज नका, दोन्ही विषारी आहेत आणि गोळी तर कुत्रा गिळूनही टाकतो. अगरबत्ती, अत्तर, खोलीत मारायचे स्प्रे हेही त्या नाकाला फार होतात, खेळाच्या खोलीत ते नसलेलेच बरे. काही चुकून पोटात गेलंच तर मिठाचं पाणी पाजायचे वगैरे घरगुती प्रकार न करता सरळ व्हेटकडे (जनावरांच्या डॉक्टरकडे) पळा, आणि काय खाल्लं त्याचं पाकीट बरोबर न्या.

एक जरा विषय सोडून. आमच्याकडे घरोघरी दत्ताची तसबीर आहे, चार कुत्री पायाशी बसलेली, गुरुवारी हार घालतो, आणि त्याच घरातून तक्रार येते की वरच्या मजल्यावरचं कुत्रं दिवसभर भुंकतं, त्याला काढून टाका. भुंकण्याचा त्रास होतो हे खरंच आहे, मी नाकारत नाही, दुपारी डोळा लागत नाही म्हाताऱ्या माणसांचा. पण भुंकणाऱ्या कुत्र्याच्या मालकाशी भांडायच्या आधी त्याला हे सांगून बघा. नोकरीवाल्या जोडप्याचं कुत्रं सकाळी नऊपासून संध्याकाळपर्यंत एकटं असतं, जायच्या आधी त्याचं सकाळचं जेवण ताटात न वाढता घरभर पेरून गेलं तरी त्याचा पहिला तास शांत जातो. त्यासाठी टॉवेल, खोके काही नको, नुसता कोरडा दाणा खोल्यांतून विखरून टाकायचा. एकटं असताना कपडा-खोका देऊही नये, तो आपण समोर असतानाच.

संपादक महोदय, तुमच्या पुरवणीत दर उन्हाळ्यात तेच लेख परत येतात, त्याऐवजी एखाद्या व्हेटकडून विषारी पदार्थांची छोटी चौकट लिहून घेऊन श्रावणाच्या आधी छापता आली तर बघा, कारण सणांचे पदार्थ सुरू झाले की मुलं प्रेमानं कुत्र्याला नैवेद्यातलं भरवतात. आणि टेकनपूरच्या सेंटरवर एखादा फोटोसह लेख मराठीत आला तर आम्हा ग्वाल्हेरकरांना फारच आनंद होईल, हिंदी पेपरात येतं अधूनमधून, मराठीत मी तरी पाहिलेलं नाही.

आपली नियमित वाचक,
दाणाओली, लष्कर, ग्वाल्हेर

ता. क. लिहून झाल्यावर शेजारच्या वहिनींनी वाचलं आणि विचारलं आमच्या पगचं काय. पग, शिह त्झू अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांनाही खेळ जमतो, पण श्वास लवकर लागतो, म्हणून टॉवेलची घट्ट गुंडाळी किंवा खोल खोका नको, उथळ ट्रेमध्ये कागदाचे बोळे आणि त्यात दाणे, पाचच मिनिटं, आणि तेही गार खोलीत. घोरल्यासारखा आवाज वाढला की बंद. आणि घरात दोन कुत्री असतील तर एकाला दार लावून आत ठेवा, आळीपाळीनं खेळवा, एरवी जिवाभावाची असली तरी सापडलेल्या तुकड्यावरून जुंपते.